तिघांपुरता स्वयंपाक

पलटणमावशीच्या हातचा चहा गावात कुणी पीत नसे. मावशीवर कुणाचा राग होता अशातला भाग नाही. उलट तिच्यावर जीव टाकणारी माणसं घरोघरी होती. पण दोन कप चहा करायला घेतला की बाईंचा हात असा काही बिथरायचा की एकदा नुसता साखरेचा पाक व्हायचा आणि एकदा गढूळ पाणी. पाहुणा दारात टेकला आणि मावशीने आतून "चहा टाकते हं" म्हटलं, की पाहुण्याला एकदम आपल्या घरी दूध उतू जात असल्याची आठवण व्हायची.

आता तुम्ही म्हणाल, संसार केलेली, केस पांढरे झालेली बाई, आणि तिला दोन कप चहा जमत नाही? नाही जमत. काय करणार? त्याचं कारण गावाबाहेरच्या माळावर होतं.

माळावर पत्र्याच्या लांबलचक बराकी आहेत, एक मोकळं मैदान आहे आणि चार पायांवर उभी पाण्याची टाकी आहे. बराकींना दारं नाहीत, मैदानावर शेळ्या चरतात आणि झेंड्याच्या खांबापासून टाकीपर्यंत दोऱ्या बांधून बायका धुणी वाळत घालतात. पण मावशी तरणी पोर होती तेव्हा इथे लष्कराचा कॅम्प होता. एका सकाळी ट्रकांची ही लांब रांग आली आणि गावाची दाणादाण उडाली. कुणी कोंबड्या लपवल्या, कुणी पोरी लपवल्या. दोन-चार आठवड्यांत कळलं की या लोकांना कोंबड्याही नकोत आणि पोरीही नकोत, त्यांना कांदे सोलायला माणसं हवीत. मग ज्यांनी पोरी लपवल्या होत्या त्यांनीच त्या बाहेर काढून कामाला पाठवल्या.

मावशी आईविना वाढलेली. आत्याच्या घरी होती, पण आत्या मोठी खट. चुलीजवळ कुणाला फिरकूही द्यायची नाही. त्यामुळे या पोरीने आयुष्यात पहिलं भांडं चढवलं ते थेट कॅम्पच्या मुदपाकखान्यात, आणि ते भांडं म्हणजे पोटोबा.

पोटोबा हा एक हंडा होता. नुसता हंडा म्हटला तर त्याचा अपमान होईल. आत उतरून घासावा लागे एवढा तो होता. आधी त्याच्यासाठी दगडी चूल बांधली, मग त्याला वर बसवला आणि मग भोवती भिंती उभ्या केल्या. दार केवढं ठेवायचं याचा विचार कुणीच केला नाही. तिथल्या मुख्य आचाऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. पिळदार मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याने मावशीला शिकवलं ते सगळं त्याच्याच मापांनी. रस्सा ढवळायचा तो होडीच्या वल्ह्याने. मीठ घालायचं ते शिपायाच्या लोखंडी टोपाने, एक टोप शिगोशीग. डाळ बादलीने. कांदा किती? तर चिरणाऱ्याचे डोळे उघडेनासे होईपर्यंत. आणि वेळ बिगुलावर. पहिलं बिगूल वाजलं की बटाटे पाण्यात, दुसरं वाजलं की जवान रांगेत. तिसरं बिगूल मात्र गावाचं. हंड्यात उरलंसुरलं ते गावाला, असा उस्तादांनीच पाडलेला रिवाज होता. तिसरं बिगूल ऐकलं की म्हातारेकोतारे, पोरंसोरं, सगळे आपापली रिकामी भांडी घेऊन माळावर पळत. उस्ताद असे धोरणी, की "उरलंसुरलं" नेहमी गावाला पुरेल एवढं उरायचं.

मावशीचं लग्नही त्या मुदपाकखान्यातच जमलं. ते कसं ते ऐका. बटाटे सोलायचं काम शिक्षा झालेल्या जवानांकडे असायचं. उशिरा उठला, बसा बटाटे सोलत. बटण तुटलं, बसा बटाटे सोलत. पुढे कॅम्पात एक हडकुळा, मितभाषी शिंपी आला आणि त्याने सगळ्या पलटणीची बटणं अशी पक्की करून टाकली की कुणाला शिक्षाच होईना. बटाट्यांचा ढीग तसाच. उस्तादांचा पारा चढला. त्यांनी मावशीला पाठवलं, जा, त्या शिंप्याला दम देऊन ये. मावशी कंबरेला पदर खोचून गेली आणि म्हणाली, "अहो, जरा कच्ची बटणं लावा की! का आमच्या पोटावर उठलाय?" शिंपीबुवा मान वर न करता म्हणाले, "कच्चं मला येत नाही. बटाटे मी सोलायला येतो." आणि आले की. रोज यायला लागले. ते ना जवान, ना गावकरी, म्हणून रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहायचे आणि त्यांच्या ताटात तळाची खरवड पडायची. ती खरवड मावशी मुद्दाम राखून ठेवायची, हे सगळ्या कॅम्पाला ठाऊक होतं.

मग एके दिवशी जसे आले तसे ट्रक भरून सगळे निघून गेले. सामानाचा लिलाव झाला. दारं गेली, खाटा गेल्या, पंखे गेले. पोटोबा तेवढा राहिला, कारण तो दारातून जाईना. शिंपीबुवांनी मात्र गावातच दुकान टाकलं. मावशी लग्न होऊन त्यांच्या घरी आली आणि पहिल्याच दिवशी दोघांपुरता रस्सा करायला बसली. आता टोपातलं मीठ चमच्यात कसं आणायचं? बादलीची डाळ मुठीत कशी मापायची? हिशोब जमेना तो कधीच जमला नाही. शिंपीबुवांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "अजून वाढ थोडं." आणि रोज "अजून वाढ" म्हणत राहिले. शेजारणी म्हणायच्या, देवमाणूस आहे हो!

दर आठवड्याला मावशी माळावर जायची आणि पोटोबाला राखेने आतून-बाहेरून घासून लखलखीत करून यायची. कशासाठी, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "बसवत नाही." खरं तर तिला आशा होती. त्या चुलीत पुन्हा जाळ लागावा, ही एकच इच्छा तिने मनात जपली होती.

आणि एक दिवस बातमी आली की कॅम्पच्या बराकी दुरुस्त करून तिथे परिचारिकांची शाळा निघणार आहे. दोनशे मुली राहायला येणार. मुदपाकखाना उघडणार आणि त्याला आचारी हवा! मावशी अर्ज द्यायला पळाली तेव्हा चपला घालायलाही विसरली.

पण घोडं अडलं ते परीक्षेत. शाळेच्या तीन माणसांची समिती होती. एक मोठ्या बाई, म्हणजे मुलींच्या मुख्य. एक पोटाचा विकार असलेले म्हातारे डॉक्टर. आणि एक कार्यालयातले साहेब, जे तराजू घेऊनच जन्माला आले असावेत. साहेबांनी ठरवलं की प्रत्येक उमेदवाराने तिघांपुरतं जेवण करून दाखवायचं. सामान समिती मोजून देणार. तिघांना जेवायला घालायचं आणि निकाल ऐकायचा.

"तिघांपुरतं?" मावशीने विचारलं. तिचा चेहराच पडला.

"तीन माणसं आहोत, तिघांपुरतंच," साहेब म्हणाले. "नासाडी चालायची नाही."

दुसरा उमेदवार एकच, नाक्यावरचा खानावळवाला. गोल चेहऱ्याचा, मऊ स्वभावाचा. चार टेबलांची त्याची खानावळ, पण त्याच्या हातची चव अशी की माणूस बोटं चाटत उठावा. तो मनाने वाईट नव्हता. भेटला तेव्हा मावशीला म्हणाला, "मावशी, मला मिळालं तर मी आपला गॅसच्या शेगड्या बसवीन. तो हंडा फोडून भंगारात द्यावा लागेल, नाहीतरी दारातून निघत नाही." तो सहज बोलून गेला, पण मावशी तडक घराकडे वळली.

मग घरी सराव सुरू झाला. सकाळ, दुपार, संध्याकाळ तिघांपुरता रस्सा. एकदा मीठ एवढं की जीभ बधिर व्हावी, पुढच्या वेळी मीठच नाही. शिंपीबुवा बिचारे तिघांचं एकटे जेवत होते. पोट बिघडलं, तरी कापड कापता कापता म्हणायचे, "कालच्यापेक्षा पुष्कळ सुधारणा आहे." मावशी चिडून म्हणायची, "खोटं बोलू नका हो, निदान आज तरी!" त्यावर ते कात्री बाजूला ठेवून ताट पुढे करायचे.

खानावळवाल्याची परीक्षा आधी झाली. समिती खूश होऊन गेली. डॉक्टरांनी तर दोनदा मागून घेतलं, हे गावभर झालं.

दुसऱ्या दिवशी मावशीची पाळी. सकाळीच साहेब मुदपाकखान्यात हजर. त्यांनी एक बारकी शेगडी मांडली, तीन इवल्या पुड्या ठेवल्या, चार बटाटे, दोन गाजरं, मूठभर वाटाणे ठेवले आणि पाठ टेकून खुर्चीवर बसले. मावशीने तेवढंसं पातेलं चढवलं. मागे पोटोबा, पुढे हे खेळण्यातलं भांडं. वल्ह्याची सवय असलेल्या हातात चमचा दिला तर अंदाज कसा यायचा? तिने मीठ घातलं, चाखलं, पाणी ओतलं, परत चाखलं, परत मीठ घातलं. तेवढ्यात तळ धरला. करपल्याचा वास साहेबांच्या नाकापर्यंत पोहोचला. साहेबांनी खिशातून रुमाल काढला.

मावशीने पातेलं खाली उतरवलं आणि पायरीवर येऊन बसली. तिथे शिंपीबुवा गळ्यात टेप अडकवून उभे होते, दुकान उघडं टाकून आले होते.

"संपलं," मावशी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "नाही जमत मला. आयुष्यभर नाही जमलं, आज काय जमणार? फोडू देत तो हंडा. मला बघायला बोलावू नका म्हणजे झालं."

शिंपीबुवा तिच्या शेजारी बसले. म्हणाले, "तुला किती माणसांचं जमतं?"

"तुम्हाला ठाऊक नाही का? दोनशेचं."

"मग दोनशे बोलावू."

"अहो, वेड लागलं की काय? कुठून आणणार?"

पण शिंपीबुवा उठून चालायला लागले होते. या माणसाला घाईने चालताना गावाने कधी पाहिलं नव्हतं. दुकानात कात्र्यांच्या खिळ्यावर एक पिचकं बिगूल टांगलेलं असायचं. कॅम्प उठला तेव्हा बिगूलवाल्याने ते आठवण म्हणून दिलेलं. शिंपीबुवा ते घेऊन परत आले, टाकीच्या शिडीवर चढले, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकलं. पहिल्यांदा नुसती फुस्स झाली. दुसऱ्यांदा रेडा ओरडावा तसा आवाज आला आणि शेळ्या उधळल्या. पण तिसऱ्यांदा, बेसूर का होईना, गावाला जन्मभर ओळखीची असलेली ती चाल निघाली. तिसरं बिगूल!

आणि काय सांगू तुम्हाला! ज्यांनी लहानपणी ते ऐकलं होतं ते आता बाप्ये झाले होते, आज्या झाल्या होत्या. लोहाराने ऐरणीवर हातोडा ठेवला. शाळेच्या मास्तरांनी खडू टाकला. न्हाव्याने गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडली आणि गिऱ्हाईकही तोंडाला फेस घेऊन मागोमाग पळालं. का पळतोय हे कुणाला विचारायची गरज नव्हती. तरुण पोरांनी विचारलं तर म्हातारे धापा टाकत म्हणाले, "भांडं घे, भांडं!" बघता बघता माळ माणसांनी फुलला, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक रिकामं भांडं.

रिकामं! मावशी पायरीवरून ताडकन उठली. "अरे, रिकामी भांडी घेऊन काय आलात माझ्या दारात? हंड्यात काय आहे तुम्हाला वाढायला? माझं कपाळ?"

लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. तिसरं बिगूल म्हणजे रिकामं भांडं घेऊन जायचं, एवढंच तर त्यांना माहीत होतं. टाकीवरून शिंपीबुवांनी कपाळावर हात मारला. त्यांच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

गर्दीत खानावळवालाही होता. त्याच्या हातात लहानपणीचंच, कान तुटलेलं पातेलं होतं. तो पुढे आला आणि म्हणाला, "मावशी, काय काय लागेल?"

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. मग गर्दीकडे पाहिलं. मग पदर कंबरेला खोचला, आणि तिचा आवाज असा फुटला की जणू उस्तादच अंगात आले. "रिकामी आणलीत ना? आता भरून आणा! ज्याच्या घरी जे असेल ते! बटाटे या बाजूला, गाजरं त्या बाजूला, डाळ बादलीत. लोहारदादा, लाकडं! मास्तर, पाणी! आणि दाढीला फेस लावलेले तुम्ही, तोंड धुऊन कांदे सोलायला बसा!"

खानावळवाला घरी पळाला आणि कांद्याचं अख्खं पोतं पाठीवर टाकून आला. पोटोबाखाली जाळ लागला. मोठ्या बाई आणि डॉक्टर जेवणाच्या वेळेला येऊन पाहतात तर दारात साहेब हातवारे करताहेत. "बाई, हे नियमात बसत नाही! मी तिघांचं सामान दिलं होतं!" बाईंनी आत डोकावून पाहिलं. मावशी चौथऱ्यावर चढून जपून ठेवलेलं जुनं वल्हं दोन्ही हातांनी मारत होती, कपाळावर घाम, गाल लाल, आणि तोंड अखंड चालू. "अजून एक बादली! हळू! चटका बसेल बाळा, मागे हो! अहो, माझा टोप कुठाय?" कुणीतरी कॅम्पच्या लिलावात घेतलेला लोखंडी टोप घरून आणून दिला. मावशीने न बघता मीठ भरलं, न बघता हंड्यात फेकलं, आणि चाखलंसुद्धा नाही.

"चाखत का नाही या?" डॉक्टरांनी काळजीने विचारलं.

"गरज नसावी," बाई म्हणाल्या, आणि बाकावर बसल्या.

वेळ लागला. साहेबांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. रस्सा दाट झाला, वास बराकींमधून फिरून आला, आणि ज्या साहेबांनी सकाळी नाकाला रुमाल लावला होता त्यांनी तो कधी खिशात ठेवला ते त्यांनाही कळलं नाही. शिंपीबुवांनी दुसरं बिगूल वाजवलं. मैदानावर, वाळत घातलेल्या धुण्याखालून रांग लागली. त्या रांगेत बाई, डॉक्टर आणि साहेबही ताटं घेऊन उभे राहिले, कारण मावशीने दरडावलं होतं, "वशिला नाही हं इथे, रांगेत या!"

पहिला घास घेतल्यावर खानावळवाला मैदानावरच मांडी ठोकून बसला. "हेच," तो म्हणाला, "हेच ते. मी आयुष्यभर माझ्या पातेल्यात हीच चव शोधत होतो. बाई, मला तुमची नोकरी नको. खरं सांगू का, एका वेळी सहा गिऱ्हाइकं आली की मला घाम फुटतो. दोनशे मुली म्हणजे माझा जीवच जाईल." सगळे हसले. मावशीने त्याच्या कान तुटलेल्या पातेल्यात अजून एक डाव ओतला.

डॉक्टर तिसऱ्यांदा रांगेत शिरताना पकडले गेले.

शेवटी साहेबांनी गळा साफ केला. "चव उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण परीक्षा तिघांच्या जेवणाची होती."

"तिघं जेवलो ना आपण?" बाई म्हणाल्या. "माझ्या मुली दोनशे आहेत. आधी डोक्यात यायला हवं होतं, माझ्याही आलं नाही." त्या उठून मावशीकडे गेल्या. "मावशी, या हंड्याची चावी-बिवी काही असते का?"

"अहो, त्याला दारातून नेता येत नाही," मावशी म्हणाली, "चावी कशाला हवी?"

"मग दाराची घ्या. नवीन दार बसलं की पहिली चावी तुमची."

मावशीचा जीव भांड्यात पडला, आणि तोही केवढ्या भांड्यात! आनंदाने गावाने जो गलका केला त्याने शेळ्या पुन्हा उधळल्या. मावशी मात्र गर्दीतून कुणाला तरी शोधत होती. रांग संपत आली होती. सगळ्यात शेवटी, गळ्यात टेप आणि काखेत बिगूल घेतलेले शिंपीबुवा ताट धरून उभे होते.

मावशीने हंड्यात वाकून तळाची खरवड काढली. ती त्यांच्यासाठीच राखलेली होती. शिंपीबुवांनी उभ्याउभ्याच एक घास घेतला, हळूहळू चावला. मग दुसरा. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं? तिखट लागलं?"

"नाही गं. आज कितीतरी वर्षांनी घरचं जेवलो."

मावशी कंबरेवर हात ठेवून बघतच राहिली. "हे घरचं? मग इतकी वर्षं घरी माझ्या हातचं जेवत होतात ते काय होतं?"

"ते होय?" शिंपीबुवा म्हणाले. "ते मी तुझ्यासाठी जेवत होतो."

मावशीने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि भर गर्दीत त्यांच्या ताटात अजून एक मोठा डाव वाढला. यावेळी त्यांनी मागितलंही नव्हतं.